टाक्यातून निघालेला रणगाडा

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी कातळ कोरून केलेली पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीत टाके नाही असा किल्ला विरळाच. पावसाळ्यात ते भरायचे आणि गडावरच्या शिबंदीने उन्हाळाभर पुरवून प्यायचे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत याच वस्तूला ‘पोढी’ असा प्राकृत शब्द आहे. पोढी बोलण्यातून गेली, टाके राहिले. नुसते राहिले नाही, तर ते सातासमुद्रापलीकडच्या लढाईत जाऊन आले, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा तो संग्रह. त्यात ‘टँक’ची नोंद आहे आणि तिथे गुजराती व मराठीतल्या टाक्याशी त्याचे नाते दाखवले आहे. पोर्तुगीजांकडे त्यांचा स्वतःचा ‘तांक’ होता. पाणी अडवणे या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी तो जोडला जातो. सारख्या आवाजाचे आणि सारख्या अर्थाचे दोन शब्द आपल्या किनाऱ्यावर भेटले आणि एकमेकांत मिसळले, असे मला वाटते. इंग्रजीत तो शब्द गेला तेव्हा त्याचा अर्थ तलाव, हौद, पाण्याचा साठा एवढाच होता.

मग आले १९१५ साल. इंग्लंडात लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात एक अवाढव्य लोखंडी यंत्र आकार घेत होते. एरवी हा कारखाना शेतीची अवजारे आणि ट्रॅक्टर बनवायचा. पहिले महायुद्ध चालू होते आणि फ्रान्समध्ये दोन्ही सैन्ये चरांत अडकून पडली होती. काटेरी तारा तुडवत, मशीनगनच्या गोळ्या अंगावर झेलत चर ओलांडेल असे काहीतरी हवे होते. या कामासाठी नेमलेली समिती त्याला ‘लँडशिप’ म्हणत होती, म्हणजे जमिनीवरचे जहाज. पण ते नाव ऐकून शत्रूच्या हेराला सगळे कळले असते. म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये लष्करी अधिकारी अर्नेस्ट स्विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुणाच्या मनात शंका येणार नाही असे नाव शोधले, ‘टँक’. पाणी वाहून नेण्याची टाकी बनते आहे, असे लोकांना वाटू दिले. काही यंत्रांवर रशियन अक्षरांत पेत्रोग्रादचा पत्तासुद्धा रंगवला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत, फ्लेर-कुर्सलेत येथे, ती यंत्रे पहिल्यांदा रणात उतरली. गुपित त्या दिवशी संपले, नाव मात्र कायमचे चिकटले.

त्याच यंत्राला जर्मनांनी ‘पान्झर’ म्हटले. तो शब्द जुन्या फ्रेंचमधला, पोट झाकणाऱ्या चिलखताचा. फ्रेंच त्याला ‘शार’ म्हणतात. शार म्हणजे रथ, गाडा. इंग्रजांनी यंत्र लपवले, जर्मनांनी त्याची कातडी पाहिली, फ्रेंचांनी त्याची चाल पाहिली. मराठी फ्रेंचांच्या वाटेने गेली. हिंदीने टँक तसाच ठेवला. आपण रण आणि गाडा जोडून ‘रणगाडा’ केला, आणि तो इतका रुळला की हा घडवलेला शब्द आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी हा एक शब्द डोळ्यांसमोर ठेवावा असे मला मनापासून वाटते. शाळकरी पोराला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्याचे बळ गाड्यात आहे. मराठीत लिंग बदलले की वस्तू वाढते किंवा लहान होते: सुरी आणि सुरा, लोटी आणि लोटा, गाडी आणि गाडा. गाडी पळते, गाडा ओढावा लागतो. बैलगाडा, संसाराचा गाडा, तोफेचा गाडा. मराठ्यांच्या तोफा बैल जुंपून घाटमाथ्यावरून नेल्या जात, तेव्हा चिखलात रुतणारा गाडाच होता. ‘रणगाडी’ असा शब्द केला असता तर वजन गेले असते. आणि ‘रण’ तर याहून जुने. ऋग्वेदात ‘रण’ हा शब्द आनंद, उल्हास या अर्थानेही येतो. लढाई हा अर्थ त्याला लगटून आहे. लढाईतला आवेश हा उल्हासच मानणाऱ्या माणसांची ती भाषा. आज जुन्या लष्करी गाड्या दुरुस्त करून चालवणारे लोक हौसेने या रणाकडे येतात, तेव्हा शब्दाचा तो पहिला अर्थ पुन्हा जागा होतो. हौस हाही बाहेरून आलेला पाहुणा, अरबी ‘हवस’. हिंदीत हवस म्हणजे वासना. मराठीने तिची धार घालवली आणि तिला घरात घेतले. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. या छंदात ते अक्षरशः खरे आहे.

महाराष्ट्रात ज्याला खरे रणगाडे पाहायचे आहेत त्याने अहिल्यानगरला जावे. तिथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि १९९४ साली उघडलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश चर्चिल आणि मॅटिल्डा, जपानी रणगाडे, आपण लढाईत पकडलेला पॅटन, आपला विजयंता, असे सगळे उघड्यावर रांगेने उभे आहेत. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता वयाच्या २१व्या वर्षी पडले, तो ‘फॅमागुस्ता’ही नगरच्या केंद्राने जतन केला आहे. खेत्रपाल पूना हॉर्सचे. ही पलटण १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिली. तेव्हा तिच्यात घोडे होते, आता रणगाडे आहेत, आणि तरीही तिथला साधा शिपाई आजही ‘सवार’च असतो, वरचे दफेदार आणि रिसालदार. सवार म्हणजे आपला स्वार. जुन्या फारसीत ‘असबार’ म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. त्यातला ‘अस’ म्हणजे संस्कृत अश्व आणि ‘बार’ म्हणजे भार वाहणे. पन्नास टन लोखंडाच्या पोटात बसलेल्या जवानाच्या हुद्द्यात अजून घोडा आहे. लष्करे शब्द टाकून देत नाहीत, हे मला फार आवडते.

खासगी माणसाला रणगाडा मिळत नाही. मिळते ती जीप, जुना ट्रक, जोंगा नावाची लष्करी गाडी. युरोपात हौशी मंडळी रणगाडेही बाळगतात. इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात दरवर्षी ते मैदानात चालवून दाखवतात. आपल्याकडे हा छंद जीपच्या चार चाकांवर उभा आहे, आणि पनवेलजवळच्या तळोज्यात तो रुजणे साहजिक आहे. शेजारी कळंबोलीला लोखंडाचा बाजार. मुंबईतला हा व्यापार शहराबाहेर काढण्यासाठी तो वसवला गेला. मुंबईतल्या लोखंडवाल्यांचा जुना पत्ता दारूखाना. दारू म्हणजे बंदुकीची दारू, आणि फारसीत त्याआधी दारू म्हणजे औषध. तळोज्याच्या एमआयडीसीत लेथ, प्रेस, वेल्डिंगची दुकाने आणि भंगाराची गोदामे. गावालगत रॅपिड अॅक्शन फोर्सच्या १०२ व्या बटालियनचा तळ; त्यांच्या दंगलविरोधी गाडीचे नाव ‘वज्र’. गावाचे नावही ऐकण्यासारखे आहे. तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर अशी दोन गावे. मजकूर म्हणजे ‘वर सांगितलेले’; जुन्या महसुली कागदांत ‘मौजे मजकूर’ लिहायची पद्धत होती. कारकुनाच्या लेखणीतला शब्द इथे गावाच्या नावात घट्ट बसला.

या गोदामांत आणि गॅरेजांत जे शब्द ऐकू येतात ते मी कान देऊन ऐकतो. लष्कराने काढून टाकलेली जीप येते ती लिलावातून. लिलाव हा पोर्तुगीज ‘लेइलांव’. ती खोलतो तो मिस्त्री. तोही पोर्तुगीज ‘मेस्त्र’. चावी त्याच घरची. “आधी पाटे बघा, पाटे बसलेत हिचे,” असे मिस्त्री म्हणतात तेव्हा पाटा मात्र अस्सल इथला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या मालाची विक्री झाली, तेव्हापासून अशा गाडीला ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात. आणि ज्या ढिगातून तिचे भाग निघतात ते भंगार. भंगार भंगलेल्याचे, मोडक्याचे. पण ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने, आणि गोव्यात कोकणीत सोन्याला आजही भांगर म्हणतात. त्याचे मूळ वेगळे, संस्कृत ‘भृंगार’. भंगार आणि भांगार हे दोन शब्द एका कान्याच्या अंतरावर राहतात. ढिगाऱ्यात फोर्डची ‘एफ’ अक्षराची खूण असलेला बोल्ट सापडला की हौशी माणसाच्या चेहऱ्यावर कुठला शब्द उमटतो, ते मी पाहिले आहे.

त्या बोल्टची महती अशी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. आराखडा एकच, पण फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ ठोकला. त्यामुळे गाडी विलीजची की फोर्डची, की दोघांची खिचडी, हे बोल्ट वाचून कळते. विलीजचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, विजेची जुळणी सहा व्होल्टची. ‘जीप’ नावाबद्दल वाद आहेत. कुणी ‘जनरल पर्पज’च्या आद्याक्षरांकडे जातात, कुणी १९३६ मध्ये पॉपायच्या चित्रमालिकेत आलेल्या, कुठेही जाऊ शकणाऱ्या ‘युजीन द जीप’ या प्राण्याकडे. मला दुसरा पर्याय अधिक पटतो. शिपायाच्या तोंडी आद्याक्षरांपेक्षा गमतीचे नाव लवकर बसते.

आद्याक्षरांची खरी कमाल जोंगा. निसानच्या गाडीवरून जबलपूरला बनलेल्या या गाडीचे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ यातून काढले. गनकॅरेज म्हणजे तोफेचा गाडा. म्हणजे जोंग्याच्या नावातही गाडा आहे. तिथलाच शक्तिमान ट्रक. तो जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने निघाला. आपण त्यात संस्कृत विशेषण वाचतो, जर्मन माणूस आपल्या कंपनीची पाटी वाचतो, आणि दोघांचेही वाचन बरोबर आहे.

जीप तयार झाली की रंगाचा प्रश्न येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणून समजदार हौशी वाळूच्या किंवा खाकी छटेकडे वळतात, आणि त्यातही इतिहास आहे. खाक म्हणजे फारसीत धूळ, माती. ‘जळून खाक’ मधले खाक तेच. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने मातीत मिसळणारे कपडे घातले, आणि धुळीचा रंग जगभरच्या सैन्यांचा रंग झाला. चिलखताचा मागही असाच फारसीत जातो. ऐन-इ-अकबरीतल्या शस्त्रांच्या यादीत ‘चिहलकद’ नावाचा अंगरक्षक पोशाख आहे. चिहल म्हणजे चाळीस. चिलखत याच घराण्यातले असावे, असे मला वाटते. ‘चिलखती गाडी’ म्हणताना आपण लोखंडाला अंगरखाच घालतो.

छंदाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे त्या काळच्या पोशाखात, त्या काळच्या गाडीसह लढाईचा प्रसंग लोकांसमोर मांडणे. यासाठी ‘पुनर्निर्मिती’, ‘पुनरभिनय’ असे शब्द सुचवले जातात आणि कोरडे राहतात. मराठीत याला आधीच शब्द आहे, सोंग. तो संस्कृत ‘स्वांग’पासून आला. रोजच्या बोलण्यात सोंग म्हणजे ढोंग झाले, हे त्या शब्दाचे दुर्दैव. पण जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून नाचतात, ती सोंगेच; आणि कुठले सोंग कुणी घ्यायचे याचा मान ठरलेला असतो. तिथे सोंग घेणे म्हणजे फसवणे नव्हे, आपल्याहून मोठ्याचे रूप काही काळ अंगावर वागवणे. रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला मावळ्याच्या वेशात येणारी माणसे, किंवा बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’तले घोड्यावरचे कलाकार, हेच करतात.

मानाचा हा नियम लष्करी सोंगालाही लावावा. सैनिक असल्याचे भासवण्याच्या हेतूने गणवेश घालणे आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा प्रसंग मैदानापुरता आणि जाहीर असावा. टोपी, पट्टा, बूट त्या काळचे घालावेत, गाडीवरची चिन्हे तपासून रंगवावीत. पदक घालू नये. ते ज्याने मिळवले त्याचाच तो मान.

राहतो खर्च. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या लोकांना पाठ आहे. मूळ टायर, कार्ब्युरेटर, सहा व्होल्टचे दिवे हे सगळे शोधून, मागवून, कधी लेथवर नवे कातून घ्यावे लागते. म्हणून तळोज्यात माझ्या ओळखीचे काही जण मिळून एकच जीप करतात. तिला ते ‘भागीतली जीप’ म्हणतात, आणि काम कुठवर आले असे विचारले तर उत्तर मिळते, “पावसाळ्याआधी उभी करू.” गाडी उभी करणे, प्रसंग उभा करणे, दोन्हीसाठी मराठीत क्रियापद एकच आहे.