बेनिदोर्म
बेनिदोर्म : स्पेनच्या आलिकांते प्रांतातील भूमध्य समुद्रकाठचे पर्यटननगर (पहा : कोस्ता ब्लांका). 1325 मध्ये बर्नात दे सारियाच्या सनदेने ते वसले. ट्यूना पकडण्याच्या ‘आल्माद्राबा’ जाळ्यांत येथील कोळी वाकबगार होते.

1956 च्या नगररचना आराखड्याने गावाचा तोंडवळाच पालटला. पुढे इमारती उंच चढत गेल्या. ‘ग्रान ओतेल बाली’ 186 मी. उंच आहे.

लेवांते आणि पोनिएंते या दोन पुळणींच्या मधोमध कान्फाली खडक समुद्रात घुसला आहे. त्यावर पांढऱ्या कठड्यांचा सज्जा, मागे निळ्या घुमटांचे सान हाइमे चर्च आणि अरुंद गल्ल्या. नुसते टॉवर पाहून नाक मुरडणाऱ्याची हीच वस्ती नेमकी हुकते. समोरच्या निर्जन बेटावर होड्या जातात.

हिवाळा सौम्य असल्याने ब्रिटिश पर्यटक येथे वर्षभर येतात.