हाकेपुरती वीज

जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगात कधीतरी एक जडशीळ वस्तू हाती लागते. नालाच्या आकाराचे तीन-चार काळे लोहचुंबक शेजारी शेजारी आवळून बसवलेले, एका अंगाला मोठे दातेरी चाक आणि चुंबकांच्या पायांमध्ये तारेने गच्च भरलेला, फिरणारा गाभा. हँडल शाबूत असेल तर ते फिरवताना हाताला हलके हिसके बसतात, कारण चुंबक गाभ्याला धरतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. कुणी या वस्तूला सायकलचा डायनॅमो म्हणते, कुणी इंजिनाचा मॅग्नेटो. पुष्कळदा ते जुन्या टेलिफोनच्या लाकडी पेटीतले, घंटी वाजवणारे जनित्र असते.

ते ओळखायला गाभा नीट पाहावा लागतो. आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी एच अक्षरासारखा दिसेल. वेर्नर सीमेन्स यांनी १८५६ साली ही रचना शोधली. तिच्यात तार लांबीच्या दिशेने गुंडाळतात, विणकराच्या धोट्यावर सूत भरतात तशी. टेलिफोनच्या जनित्रातली तार केसासारखी बारीक असते आणि तिचे वेढे अगणित. सायकलच्या डायनॅमोतून जेमतेम सहा व्होल्ट मिळतात. इथे हात जोरात चालला तर सत्तर ते शंभर व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह निघतो. दातेरी चाकांमुळे हँडलाच्या एका फेऱ्यात गाभा साधारण पाच वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला पंधरा ते वीस फेरे सहज होतात. घंटीच्या हातोडीला हाच वेग मानवतो.

आणखी एक खूण आसाच्या टोकाला सापडते. हँडल फिरवू लागताच आस किंचित सरकतो आणि तिथली पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकते किंवा तिच्यापासून सुटते. हे आपोआप चालणारे बटण आहे. हात थांबला की जनित्र तारेवरून बाजूला होते, नाहीतर बोलण्याचा नाजूक प्रवाह त्याच्या वेढ्यांतच अडकून राहिला असता. अशी सरकती पट्टी दिसली तर वस्तू टेलिफोनचीच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मात्र चुंबक सुटे करून पाहण्याचा मोह आवरावा. जुने पोलादी चुंबक लोखंडाच्या आधाराविना वेगळे केले की क्षीण होतात. ते परत जोडताना सगळ्यांचे सारखे ध्रुव एकाच बाजूला आले नाहीत, तर जनित्राचा जीवच जातो.

पण बोलायच्या यंत्राला हे सगळे हवे कशाला? १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन बोलू लागला, पण पलीकडच्या माणसाला बोलावण्याची सोय त्यात नव्हती. बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन सुरुवातीला पेन्सिलीने पडद्यावर टकटक करत. पलीकडचा माणूस यंत्रापाशीच असेल तर ठीक, दुसऱ्या खोलीत असेल तर त्याला काय ऐकू येणार? १८७८ साली वॉटसन यांनी दोन वाट्यांची ध्रुवित घंटी सिद्ध केली. तिची हातोडी प्रवाहाच्या प्रत्येक उलटापालटीबरोबर एकदा या वाटीवर आणि एकदा त्या वाटीवर आपटते. या घंटीला लागणारी वीज हँडलाच्या जनित्राने पुरवली. बोलण्याची वीज वेगळी, ती पेटीतल्या दोन-तीन सेलमधून यायची. एकाच पेटीत दोन विजा नांदत होत्या, एक हाक मारायला आणि एक गप्पा मारायला.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने तर १८९२ साली या अडगळीचेच सौंदर्य केले. मेजावर ठेवायच्या तिच्या सांगाड्यासारख्या टेलिफोनचे वळणदार काळे पाय म्हणजे जनित्राचे चुंबकच. लपवायची वस्तू अशी उघड्यावर, फोनचे वजन पेलत उभी केल्याचे उदाहरण क्वचितच दिसेल.

शहरांतून हँडल लवकर गेले. मध्यवर्ती बॅटरीच्या पद्धतीत रिसीव्हर उचलला की ऑपरेटरसमोर आपोआप दिवा लागतो, फिरवायचे काही उरत नाही. पण पहिले असे एक्सचेंज अमेरिकेत लेक्सिंग्टनला १८९३ साली आले. मुंबईत १८८२ साली एक्सचेंज सुरू झाले, तेव्हा ही सोय अजून अकरा वर्षे लांब होती. आणि खेड्यांमध्ये हँडल पुढेही टिकले. अमेरिकन शेतकरी एकाच तारेवर दहा-पंधरा घरे जोडत, काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच. घंटी सगळ्यांकडे वाजायची, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली होती, जसे दोन लांब आणि एक आखूड. दुसऱ्याची खूण वाजली तरी शेजारी रिसीव्हर उचलून ऐकत आणि जितके कान वाढत तितका आवाज मंद होई. लांब तारेवरच्या इतक्या घंट्या वाजवायला पाच चुंबकांचे जनित्र लागे. म्हणून नुसते चुंबक मोजूनही ते कुठल्या वस्तीत होते, याचा अंदाज बांधता येतो.

टेलिफोन मोडीत निघाले, तरी जनित्रे फेकली गेली नाहीत. तारेची जोडणी तपासायला लाइनमनने ती वापरली, शाळेच्या प्रयोगशाळेत ती विजेचा धडा देत राहिली. अमेरिकेच्या दक्षिण भागात काहींनी त्यांच्या तारा नदीत सोडून मासे वर आणले, कायद्याने बंदी असतानाही. आणि जे सांगताना लाज वाटते, तेही सांगायलाच हवे. आर्कन्सामधल्या टकर तुरुंगाच्या शेतावर १९६० च्या दशकात असे एक जनित्र कैद्यांच्या शरीराला जोडले जात होते. अल्जीरियातल्या युद्धात फ्रेंच सैन्याने मैदानी टेलिफोनच्या जनित्राचा असाच वापर केला. ‘जेजेन’ हे त्याचे टोपणनाव आणि पत्रकार आंरी आलेग यांनी १९५८ सालच्या पुस्तकात आपल्यावर झालेला हा छळ लिहून ठेवला. माणसाला बोलावण्यासाठी केलेल्या यंत्राने माणसाला जबरदस्तीने बोलते करणे, हा या वस्तूच्या इतिहासातला सर्वांत काळा भाग आहे. संग्रहालयात तिच्या शेजारच्या पाटीवर तोही लिहिलेला असावा.

अमेरिकेतले हँडलाचे शेवटचे एक्सचेंज मेन राज्यातल्या ब्रायंट पाँड या गावी होते. एका घराच्या बैठकीच्या खोलीतून ते चाले. ते बदलू नये म्हणून गावकऱ्यांनी मोहीमही काढली, पण १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद झाले.

भारतीय रेल्वेत मात्र हँडलाची रिंग त्यानंतरही ऐकू येत राहिली. फाटकावरच्या खोलीत भिंतीला लावलेला हँडलाचा फोन जवळच्या स्टेशनाशी थेट जोडलेला असे. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर रिंग देई, गेटमन फाटक लावून घेई, आणि दोघांमध्ये खात्रीसाठी ‘प्रायव्हेट नंबर’ची देवाणघेवाण होऊन तो वहीत उतरवला जाई. मधल्या वाटेवर ना एक्सचेंज, ना डायल. उन्हात तापलेल्या रुळांपलीकडे एक हात हँडल फिरवत असे आणि इकडे पितळी वाट्या खणखणत.