निफ : पोर्तुगालचा करओळख क्रमांक

पोर्तुगालमध्ये वास्तव्यास जाणाऱ्या गोमंतकीयाला सर्वप्रथम लागतो तो ‘निफ’ हा नऊ अंकी करओळख क्रमांक. बँक खाते, घराचा भाडेकरार, नोकरी या सर्वांसाठी तो आवश्यक असतो. तेथील कर कार्यालयात पासपोर्ट व पत्त्याचा पुरावा सादर केल्यास तो विनामूल्य मिळतो. दलाल घेतात ते त्यांच्या सेवेचे शुल्क. पोर्तुगीज नागरिकांच्या ओळखपत्रावर तो छापलेलाच असतो. मात्र निफ म्हणजे वास्तव्याचा परवाना नव्हे. सामाजिक सुरक्षा क्रमांकही स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. भारतातील पत्त्यावर निफ घेतला असल्यास तेथे स्थायिक होताच पत्ता बदलून घ्यावा; अन्यथा करदप्तरी ‘अनिवासी’ अशीच नोंद राहते आणि कर खात्याच्या नोटिसा जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतात.