हिरवा कोणाचा, भगवा कोणाचा?

‘रंगांना धर्म नसतो’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेते, पण रस्त्यावर त्याला कोणी विचारत नाही. मीरा रोडच्या नयानगरमध्ये २१ जानेवारी २०२४ च्या रात्री भगवे झेंडे लावलेल्या गाड्यांवरून वाद पेटला. पुढे काय काय झाले ते आमच्या शहराला ठाऊक आहे. तेव्हापासून कोणाच्या गच्चीवर कोणत्या रंगाचे कापड फडकते, याकडे लोक जरा जास्तच निरखून बघतात. वर्गातली मुलेदेखील खडूच्या डबीतल्या रंगांची ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ अशी वाटणी करतात. म्हणून ही वाटणी झाली कधी, हे इतिहासालाच विचारलेले बरे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. हिरवा हा इस्लामचा रंग, असे आपणही मानतो आणि इतरही मानतात. कुरआनात जन्नतवासीयांच्या हिरव्या रेशमी वस्त्रांचे वर्णन आहे, हे खरे. पण हिरवा परिधान करा किंवा हिरवा झेंडा लावा, असा आदेश नाही. हदीसच्या ग्रंथांत प्रेषितांच्या (स.) झेंड्यांचे जे उल्लेख येतात, त्यांत काळा आणि पांढरा हे रंग आहेत. उमय्यांची ओळख पांढऱ्या रंगाशी जोडली गेली, तर ७५० साली सत्तेवर आलेल्या अब्बासींनी काळा रंग घेतला. ८१७ मध्ये खलिफा मामूनने हजरत अलींच्या वंशातले इमाम अली रझा यांना वारस नेमले आणि दरबाराचा काळा पोशाख बदलून हिरवा केला. दोनच वर्षांत दरबार पुन्हा काळ्या कपड्यांत आला. म्हणजे तेव्हा हिरवा रंग मुसलमानांचा नव्हे, तर मुसलमानांमधल्या एका पक्षाचा होता!

मदिनेचा घुमट आज ‘गुंबदे-खजरा’ म्हणून आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्याला हिरवा रंग दिला गेला तो १८३७ च्या सुमारास, त्याआधी तो वेगळ्या रंगांचा होता. काबागृहाचा गिलाफही एकेकाळी पांढरा, लाल, हिरवा असा बदलत असे. सुमारे ८०० वर्षांपूर्वी, अब्बासी खलिफा नासिरच्या काळापासून तो काळा झाला. तुर्कस्तानचा झेंडा लाल आहे. आणि मराठवाड्यातल्या वाचकांना आठवत असेल, निजामाचा आसफजाही झेंडा तर चक्क पिवळा होता.

आता याच हिरव्याला महाराष्ट्रात बघा. मराठी हिंदू नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. डोहाळजेवणाला हिरवी साडी आणि देवीच्या ओटीत हिरव्या बांगड्या हव्यातच. पाऊस पडून शिवार उगवते, तसा संसार फुलावा, हा त्यातला भाव आहे. हा चुडा भरणारे हात गावोगावी कासारांचे होते, तसेच मणियारांचेही होते. मणियार म्हणजे बांगड्यांचा व्यवसाय करणारा मुसलमान समाज. सौभाग्याचे लेणे मुसलमानाच्या हातून चढते, याचे त्या घरांना कधी वावडे नव्हते. नवरात्रात वाराप्रमाणे रंग ठरवून कपडे घालण्याची पद्धत एका मराठी दैनिकामुळे अलीकडे रुजली, त्यातही शुक्रवारचा रंग हिरवाच!

भगव्याची गोष्टही अशीच आहे. गेरू म्हणजे लाल माती. संन्याशाला आणि भिक्खूला महागडा रंग नको होता, म्हणून त्याने मातीचा आणि झाडाच्या सालीचा रंग अंगावर घेतला. तिकडे रोममध्ये समुद्रातल्या हजारो शंखगोगलगायी मारून मूठभर जांभळा रंग निघे, म्हणून तो सम्राटाचा झाला. रंगाचा अर्थ पुष्कळदा असा त्याच्या किमतीतून ठरला. त्यागाचा हा मातकट रंग वारकऱ्यांच्या पताकेवर आला आणि स्वराज्याच्या झेंड्यावरही फडकला. पण तो खानकाहांमध्येही होता. चिश्ती परंपरेतल्या साबरी शाखेचे फकीर गेरवा वेश घेत. देवा शरीफचे हाजी वारिस अली शाह (निधन १९०५) आणि त्यांचे अनुयायी पिवळे, बिनशिवलेले वस्त्र पांघरत. सर्वसंगपरित्याग म्हटला की सूफी आणि संन्यासी एकाच रंगाऱ्याच्या दुकानी पोहोचत.

भाषेचा शिक्षक म्हणून मला शब्दांत याचा पुरावा अधिक ठळक दिसतो. मराठी माणूस तांबडा म्हणतो तेव्हा तांबे आठवतो, लाल म्हणतो तेव्हा फारसी बोलतो. गुलाबी, बदामी, फिरोजी, खाकी ही सगळी फारसीची देणगी. ‘शाई’ हा शब्द ‘स्याही’वरून आला, म्हणजे मुळात काळेपणा. किरमिजी रंग किड्यापासून बनत असे. संस्कृतातला ‘कृमी’ आणि फारसीतला ‘किर्म’ हे सख्खे भाऊ. उलट प्रवासही झाला आहे. संस्कृतातला ‘नील’ फारसी-अरबीतून पोर्तुगीजांकडे गेला आणि ‘अनिल’ झाला. ‘नारंग’ असाच फिरत फिरत इंग्रजांचा ‘ऑरेंज’ बनला. ज्या नारिंगी छटेवरून आपण भांडतो, तिच्या नावाने अरबांच्या तांड्यांतून प्रवास केला आहे.

पांढऱ्याचे तर आमच्या मीरा-भाईंदरमध्येच केवढे अर्थ आहेत. भाईंदरच्या रस्त्याने अनवाणी चालणाऱ्या जैन साध्वी पांढऱ्या वस्त्रांत असतात. उत्तनच्या चर्चमध्ये ख्रिस्ती नवरी पांढरा झगा घालते. ही चाल राणी व्हिक्टोरियाच्या १८४० च्या लग्नानंतर जगभर पसरली. आपला एहराम पांढरा आणि कफनही पांढरे. उत्तरेत पांढरा हा विधवेचा रंग, पण जुन्या महाराष्ट्रात सोवळ्या विधवेला लालसर आलवण नेसावे लागे. त्याच लालचा शालू उत्तरेतली नवरी मिरवते. एका घरचा शकुन तो दुसऱ्या घरचा शोक.

मग रंगांची धर्मवार वाटणी पक्की केली कोणी? अलीकडच्या राजकारणाचा त्यात मोठा हात आहे. १९२१ मध्ये गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा, असाच हिशेब होता. हेतू एकोप्याचा होता, पण हिशेब मांडला की वाटेकरी वाढतात. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली. अखेर १९३१ मध्ये काँग्रेसने ठराव करून सांगितले, की या रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य-त्यागाचा, पांढरा सत्य-शांतीचा, हिरवा श्रद्धा-शौर्याचा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. डॉ. राधाकृष्णन यांनी तिथे हिरव्याचा अर्थ माती आणि वनस्पतींशी असलेले आपले नाते, असा सांगितला.

तरी आजही शाळेत कुणी मूल सहज बोलून जाते, ‘सर, तिरंग्यातला हिरवा आपला ना?’ प्रश्न निरागस असतो, पण त्याचे ‘हो’ हे उत्तर धोक्याचे आहे. एक पट्टा आपला मानला, की उरलेले दोन आपण सोडून दिले. म्हणून आपण घरात मुलांना सांगायला हवे, की तिन्ही पट्टे तुझेच आहेत, आणि शेजारच्या मुलाचेही तिन्ही आहेत. शेजाऱ्यांनीही आपल्या मुलांना हेच सांगावे, एवढीच अपेक्षा.