निर्वात नलिका (ध्वनिमुद्रणातील)

निर्वात नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह किंवा ट्यूब : तापलेल्या कॅथोडपासून अ‍ॅनोडकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मधल्या जाळीने कमीजास्त करून ध्वनिसंकेत वाढवणारा घटक. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरने तिची बहुतेक कामे काढून घेतली. रेकॉर्डिंग स्टुडिओने मात्र तिला सोडले नाही.

तिच्या आवाजाला ‘ऊबदार’ म्हणण्याची पद्धत आहे. खरे तर ही विकृतीच, पण कानाला गोड लागणारी. संकेत वाढवताना एकटी ट्रायोड (एकाच जाळीची) नलिका लहरीच्या दोन बाजूंना थोडी वेगळी वागणूक देते आणि त्यातून दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येचा स्वर, उमटतो. मूळ स्वर मध्य षड्ज धरला, तर दुसरा हार्मोनिक तार षड्ज आणि तिसरा तार पंचम. दोन्ही सुरात बसणारे, त्यामुळे आवाज भरल्यासारखा वाटतो. संकेत झेपेनासा झाला की लहरीचे माथे एकदम छाटले न जाता हळूहळू दबतात. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला : खरा फरक दिसतो तो मायक्रोफोनचे प्रीअ‍ॅम्प्लिफायर क्षणभर ओव्हरलोड होतात तेव्हा. नंतर त्यावर वाद झाले, ते अजून मिटलेले नाहीत.

दुसऱ्या हार्मोनिकची ही गोष्ट मात्र सगळीकडे लागू नाही. फेअरचाइल्ड ६७० या सुमारे ३० किलो वजनाच्या, २० नलिकांच्या कॉम्प्रेसरमध्ये (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या यंत्रात) नलिका पुश-पुल, म्हणजे एकमेकींच्या उलट चालणाऱ्या, जोडीने काम करतात, म्हणून सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात. तिथे आवाज घडतो तो जाळीवरचा विद्युतदाब बदलून नलिकेचीच वाढवण्याची ताकद कमी केल्यामुळे.

स्टुडिओतल्या नलिकेचे सर्वांत गाजलेले उदाहरण बर्लिनच्या नॉयमन कंपनीच्या यू ४७ मायक्रोफोनचे (१९४९). त्यातली टेलिफुंकनची व्हीएफ१४ ही पोलादी कवचाची पेंटोड (तीन जाळ्यांची) नलिका, पण इथे ती ट्रायोडसारखी जोडलेली. तिचा हीटर ५५ व्होल्टचा, तो मुद्दाम ३५ च्या आसपास चालवत, म्हणजे खरखर कमी. तेवढ्यानेही भागत नसे. नग तपासून निवडत आणि पसंत पडलेल्यांवर ‘एम’ अशी खूण करत. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचे गायन याच घराण्यातल्या यू ४७ आणि यू ४८ वर मुद्रित झाले.

अर्थात श्रेय एकट्या नलिकेचे नाही. यू ४७ मधले आवाज टिपणारे एम७ कॅप्सूल आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांचा वाटा निदान तेवढाच, आणि जुन्या मायक्रोफोनची किंमत सांगणारे विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. व्हीएफ१४ चे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबले, शिल्लक साठा संपत आला आणि यू ४७ चेही दिवस भरले. १९७२ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा यू ४७ फेट आला. गायकांपेक्षा तो बेस ड्रमसमोरच जास्त रमला.