कुंचल्याचे राजकारण : न्यू यॉर्क, दादर, रायपूर

१८७६ साली स्पेनच्या व्हिगो बंदरात एक धिप्पाड अमेरिकन पकडला गेला. विल्यम ट्वीड त्याचे नाव. न्यू यॉर्क शहराच्या तिजोरीवर डल्ला मारणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या कैदेतून निसटला होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले ते ‘हार्पर्स वीकली’तल्या थॉमस नास्टच्या व्यंगचित्रावरून. चित्रात ट्वीडने दोन पोरांना पकडलेले होते, त्यामुळे हा मुले पळवणारा असावा अशी तिथे समजूत झाली, असे सांगतात. लेखांपेक्षा ट्वीडला चित्रांचीच धास्ती होती, कारण त्याच्या निरक्षर मतदारांनाही ती कळत. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे प्रतीक असलेला हत्तीही नास्टनेच १८७४ मध्ये काढला आणि तो आजतागायत टिकला आहे.

मुंबईत तर व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून पक्षच जन्माला आला.

बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ती नोकरी सोडून त्यांनी भाऊ श्रीकांत यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ काढले. नाव वडिलांनी, प्रबोधनकारांनी सुचवले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते, आणि राज्यकर्त्यांची टर उडवू शकणाऱ्या पत्राचे स्वागत खुद्द मुख्यमंत्री करत होते. त्या काळाचा हा मोठेपणा आवर्जून नोंदवावा असा आहे.

पुढे ‘मार्मिक’मध्ये चित्रांच्या जोडीला याद्या छापून येऊ लागल्या. मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये दाक्षिणात्य अधिकारी किती, हे नावानिशी दाखवणाऱ्या या सदराचा मथळा होता ‘वाचा आणि थंड बसा’. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मराठी तरुणाला त्यात आपले दुखणे दिसले. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. नास्टने निशाणा धरला तो सत्तेतल्या चोरावर. या याद्यांचा रोख मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसावर वळला. व्यंगचित्रकाराच्या हातातले बळ किती आणि ते कुठवर जाऊ शकते, हे मराठी माणसाने इतक्या जवळून पाहिले आहे.

मुंबईबाहेर पाहिले, तर दिल्लीतले ‘शंकर्स वीकली’ १९७५ मध्ये आणीबाणीत बंद पडले. देशभर नाव असलेले व्यंगचित्रांचे ते साप्ताहिक होते. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १९९६ मध्ये, त्र्यंबक शर्मा यांनी रायपूरहून ‘कार्टून वॉच’ हे मासिक सुरू केले. छत्तीसगड राज्य तेव्हा अस्तित्वातही नव्हते. ते झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. नियतकालिक चालवणे या भागात किती कठीण, हे माधवराव सप्रे यांनी आधीच अनुभवले होते. मातृभाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पण पैशाअभावी तीन वर्षांतच ते थांबवावे लागले. नंतर नागपूरच्या ‘हिंदी केसरी’पायी १९०८ मध्ये त्यांना अटकही झाली. त्याच प्रदेशात निव्वळ व्यंगचित्रांना वाहिलेले मासिक उभे राहावे, त्याने कार्टून महोत्सव भरवावेत आणि देशभरातल्या ज्येष्ठ व्यंगचित्रकारांचा सन्मान करावा, ही दिल्ली-मुंबईच्या संपादकांनीही दखल घ्यावी अशी कामगिरी आहे.