तेरामाचींची दुसरी कंपनी

भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनबद्दल विचारलं, तर कामगार पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ‘एलएम गाईड’ हा शब्द वापरतो. रेल तैवानची असो की जर्मनीची, नाव तेच. एलएम म्हणजे लिनियर मोशन, सरळ रेषेतली हालचाल. हे नाव एका जपानी कंपनीने आपल्या मालाला दिलं होतं, हे आता बहुतेकांच्या लक्षात नाही.

गोल फिरणाऱ्या आसाचं घर्षण कमी करण्याचा प्रश्न तसा लवकर सुटला. वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी 1794 मध्ये गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये फ्रिडरिक फिशर यांनी एकसारखे गोल छर्रे घासून काढणारं मशीन बनवलं. स्वीडनची एसकेएफ 1907 मध्ये सुरू झाली. सरळ पुढे-मागे जाणाऱ्या भागाचं मात्र तसं झालं नाही. गोल बेअरिंगमधले छर्रे फिरून पुन्हा त्याच जागी येतात. सरळ रुळावर छर्रा सरकत्या भागाच्या निम्म्याच वेगाने पुढे जातो, म्हणून मागे पडतो. त्याला आतल्या वळणावाटेने पुन्हा सुरुवातीला आणून सोडावं लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत जॉन थॉमसन यांनी अशी बेअरिंग बाजारात आणली. गोल दांड्यावर सरकणारी एक नळी आणि तिच्या पोटात फेऱ्या मारणारे छर्रे, अशी तिची रचना होती. थॉमसन कंपनी 2002 मध्ये डॅनहरकडे गेली आणि दोन विक्रीव्यवहारांनंतर आता रीगल रेक्सनॉर्डकडे आहे. बेअरिंगच्या धंद्यात नाव टिकतं, मालक बदलत राहतात.

त्या रचनेत एक कमजोरी होती. गोल दांड्यावर गोल छर्रा टेकतो तेव्हा दोघांचा स्पर्श एका बिंदूपुरताच असतो. जास्त भार दिला की दांड्यावर खड्डे पडतात. शिवाय दांडा दोन टोकांवर धरलेला असल्याने मध्ये वाकतो.

इथे हिरोशी तेरामाची येतात. 1950 साली त्यांनी नागोयात एक धंदा सुरू केला होता, तीच पुढे निप्पॉन थॉम्पसन ही नीडल बेअरिंगची कंपनी झाली. ‘आयकेओ’ या नावाने तिचा माल आजही विकला जातो. स्वतः उभी केलेली ती कंपनी त्यांनी सोडली आणि एप्रिल 1971 मध्ये टोकियोच्या मेगुरो भागात तोहो सेइको नावाची नवी कंपनी काढली. तेव्हा ते पन्नाशीच्या जवळ आले होते. त्या वयात आमच्याकडे माणूस मुलाचं लग्न आणि घराची पुताई यांचा हिशेब मांडून बसतो! 1984 मध्ये कंपनीचं नाव टीएचके झालं.

तोहो सेइकोचा पहिला मोठा माल होता बॉल स्प्लाइन. युक्ती साधी होती. दांड्यावर छर्‍याच्या गोलाईला जवळपास जुळणारी अर्धगोल खाच पाडायची, म्हणजे छर्रा बिंदूवर न टेकता खाचेच्या कुशीत बसतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यामुळे प्रत्येक छर्रा 13 पट भार उचलू लागला. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या क्षमतेच्या घनाप्रमाणे वाढतं. 13 ला 13 ने दोनदा गुणा, 2197 येतात. कंपनी सांगते तो ‘सुमारे 2200 पट आयुष्य’ हा आकडा तिथूनच येतो.

तरी दांडा वाकण्याचं दुखणं राहिलंच होतं. त्यावरचा उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. दांडा हवेत ठेवूच नका. त्याची चपटी रेल करा, मशीनच्या बेडवर पूर्ण लांबीभर बोल्टने कसा आणि वरची नळी खालून उघडी करून तिचा ठोकळा बनवा. 1972 मध्ये एलएम गाईड आली ती याच विचारातून.

मशीन बनवणाऱ्यांनी तिचं लगेच स्वागत केलं नाही. बारीक छर्‍यांवर टनभर वजनाचं टेबल ठेवायचं, ही कल्पनाच त्यांना पटेना. त्यांचा भरवसा बॉक्स-वेवर होता, म्हणजे लोखंडावर लोखंड आणि मध्ये तेलाचा थर. माझे मामू त्याच विद्येचे कारागीर. सरफेस प्लेटवर निळा रंग लावायचा, बेडवर घासायचा, जिथे निळा उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, आणि हे दिवसभर, आठवडाभर. असा हात बसायला वर्षं जायची. रेल मात्र कारखान्यातच अचूक घासून येते. ती सरळ केलेल्या पायावर कसली की मशीन उभं राहतं. बॉक्स-वेला हलवताना आधी अडकण्याची आणि मग झटक्याने सुटण्याची खोड असते. संगणक टेबलाला हजारांश मिलिमीटरची आज्ञा देऊ लागला, तेव्हा ही खोड परवडेनाशी झाली. मामूंची मागणी पगाराच्या वादातून संपली नाही, ती या खोडीमुळे संपली. जड कापणीच्या मशीनवर बॉक्स-वे अजून आहेत, कारण तिथे तेलाचा थर कंपनं शोषून घेतो. पण तितक्या कामावर एका मोहल्ल्यातल्या फिटरांची घरं चालत नाहीत.

टीएचकेने पुढे 1996 मध्ये छर्‍यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पिंजरा आणला. शेजारचे दोन छर्रे जिथे टेकतात तिथे त्यांच्या पृष्ठभागांची दिशा उलट असते, म्हणून घासणं आणि आवाज दोन्ही होतात. पिंजऱ्याने दोन्ही कमी केले. भूकंपात इमारत हलली तरी पायाशी धक्का अडवणारी उपकरणंही ही कंपनी बनवते. तत्त्व तेच, खाली रेल आणि वर सरकता ठोकळा.

दरम्यान 1989 मध्ये तैवानच्या तैचुंगमध्ये हायविन सुरू झाली. आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांकडे आज तिचा माल सर्रास दिसतो. मामूंचा मुलगा त्याच रेल बदलून देण्याचं काम करतो. गिऱ्हाईक एलएम गाईड मागतं, आणि तो विचारतो, “हायविनची टाकू का?”